हात थरथरतो म्हणून गोळी टाळणे: प्रत्यारोपणानंतरचे मज्जासंस्थेचे त्रास आणि औषधांची नियमितता

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काय गृहीत धरून उत्तर देत आहे हे तुम्हाला तपासता येईल. तुमच्या पतींचे मूत्रपिंड प्रत्यारोपण होऊन सात महिने झाले. ते टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही प्रतिकारशक्ती दाबणारी तीन औषधे घेतात. दुसऱ्या महिन्यापासून त्यांचे दोन्ही हात थरथरू लागले, सही पूर्वीसारखी येईना, झोप तुटक झाली, तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या आणि बोलताना ओळखीचे शब्द वेळेवर सुचेनासे झाले. गेल्या दीड महिन्यापासून ते टॅक्रोलिमसची संध्याकाळची कॅप्सूल अधूनमधून टाळतात. त्यामुळे थरथर कमी झाल्याचे त्यांना जाणवते, परंतु ही गोष्ट त्यांनी डॉक्टरांना सांगितलेली नाही. मागच्या तपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातील घटक) आणि औषधाची रक्तातील पातळी या दोन्ही गोष्टी योग्य मर्यादेत होत्या. मग असेच चालू ठेवले तर बिघडते कुठे, आणि मेंदूवर झालेला परिणाम कायमचा आहे का, असे तुम्ही विचारता.

मी मज्जासंस्थेच्या विकारांवर उपचार करते आणि प्रत्यारोपण झालेले रुग्ण अशाच तक्रारी घेऊन माझ्याकडे नेहमी येतात. तुमच्या पतींना मी तपासलेले नाही, त्यामुळे त्यांचा डोस किती असावा हे मी सांगणार नाही. पूर्वी कधी रिजेक्शन (शरीराने नवा अवयव परका समजून त्यावर हल्ला करणे) झाले होते का, दात्याशी जुळणी कितपत होती, रक्तदाब आणि साखर कशी आहे, इतर कोणती औषधे चालू आहेत, यांवर ते अवलंबून असते. मात्र एक गोष्ट या कोणत्याही तपशिलावर अवलंबून नाही, आणि ती म्हणजे प्रत्यारोपणाच्या चमूला आज-उद्याच फोन करून खरी हकीकत सांगणे. टाळलेल्या डोसांची भरपाई म्हणून आता एकदम जास्त गोळ्या घेऊ नयेत, आणि फोन होईपर्यंत उरलेली औषधे बंदही करू नयेत. प्रेडनिसोलोन तर अचानक थांबवणे वेगळ्याच कारणाने धोक्याचे असते, कारण काही महिने ते घेतल्यावर शरीराची स्वतःची स्टेरॉइड तयार करण्याची क्षमता मंदावलेली असते.

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत, एक मेंदूचा आणि एक गोळ्यांचा. माझ्या मते हा एकच प्रश्न आहे. औषधाचा त्रास होतो म्हणून गोळी टळते, गोळी टळते म्हणून रक्तातील पातळीचा आकडा फसवा होतो, आणि त्या फसव्या आकड्यावर विसंबून डॉक्टर जो निर्णय घेतात त्यामुळे एक तर त्रास वाढतो किंवा मूत्रपिंड धोक्यात येते. हे कसे घडते ते समजून घेतले की पुढचे बरेच काही सोपे होईल.

थरथरीपासून सुरुवात करू. टॅक्रोलिमस हे औषध जपानमधील त्सुकुबा येथील मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून १९८४ साली मिळाले आणि १९९४ साली अमेरिकेत यकृत प्रत्यारोपणासाठी त्याला मान्यता मिळाली. रोगप्रतिकारक यंत्रणेतील टी पेशींना चेतवणाऱ्या साखळीत कॅल्सिन्युरिन नावाचे एक प्रथिन असते, त्याचे काम हे औषध रोखते, आणि म्हणून शरीर परक्या अवयवावर हल्ला करत नाही. अडचण अशी की हेच प्रथिन मेंदूतील चेतापेशींमध्येही विपुल प्रमाणात असते आणि तिथे ते पेशींमधील संदेशवहनाच्या कामात गुंतलेले असते. त्यामुळे थरथर, डोकेदुखी, निद्रानाश, हातापायांना मुंग्या, प्रकाशाचा किंवा आवाजाचा त्रास, भयानक स्वप्ने, चिडचिड हे परिणाम औषध चुकीचे दिले म्हणून होत नाहीत, ते औषध जिथे जिथे पोहोचते तिथे आपले काम करते म्हणून होतात. जुन्या सायक्लोस्पोरिनचेही असेच आहे, कारण ते त्याच प्रथिनावर काम करते. फक्त त्यात थरथर सहसा कमी आणि हिरड्या सुजणे, अंगावर केस वाढणे हे त्रास जास्त दिसतात.

टॅक्रोलिमसची थरथर ओळखण्याच्या काही खुणा आहेत. ती दोन्ही हातांत, बारीक आणि जलद असते. हात मांडीवर स्वस्थ ठेवले तर बहुधा दिसत नाही, हात समोर धरले, पेला उचलला किंवा लिहायला घेतले की दिसते. नेहमीच्या, दिवसातून दोनदा घ्यायच्या कॅप्सूलनंतर साधारण एक ते तीन तासांत रक्तातील पातळी शिखरावर असते आणि थरथरही बहुधा त्याच सुमारास सर्वांत जास्त असते. म्हणून मी रुग्णांना एक साधे काम देते: एका कोऱ्या वहीत सकाळच्या डोसच्या आधी एक आणि दोन तासांनंतर एक, हात टेबलावर न टेकवता, आतून बाहेर जाणारे गोल वळणाचे चित्र काढायचे आणि खाली आपली सही करायची. आठवडाभराची पाने शेजारी ठेवली की थरथर डोसच्या वेळेशी बांधलेली आहे की दिवसभर सारखी आहे हे दिसू लागते. शिखराशी बांधलेली असेल तर औषधाचा प्रकार बदलून उपयोग होण्याची आशा अधिक असते. एकाच हातात असेल, हात स्वस्थ असतानाही असेल, किंवा चालण्यात फरक पडला असेल, तर मी टॅक्रोलिमसवर सगळा दोष ढकलून मोकळी होत नाही.

कारण ‘गोळ्यांमुळेच होते आहे’ हे वाक्य रुग्णांना, नातेवाइकांना आणि खरे सांगायचे तर डॉक्टरांनाही फार सोयीचे वाटते. रक्तातील मॅग्नेशियम कमी झाले की थरथर, झोप न लागणे आणि फिट येण्याची शक्यता हे तिन्ही वाढतात. टॅक्रोलिमसमुळे मूत्रावाटे मॅग्नेशियम जास्त जाते आणि आम्लपित्तावरच्या काही गोळ्या त्यात भर घालतात. प्रेडनिसोलोन एकट्यानेच झोप उडवू शकते आणि मनःस्थिती बिघडवू शकते. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड मिळून प्रत्यारोपणानंतर मधुमेह सुरू होऊ शकतो, आणि साखर उतरल्यावर येणारी थरथर वेगळी ओळखावी लागते. थायरॉइड, दम्याचे पंप, नैराश्यावरची काही औषधे, फिटवरचे व्हॅल्प्रोएट यांचाही विचार करावा लागतो. तळव्यांच्या मुंग्यांचे कारण तर कित्येकदा प्रत्यारोपणाच्या आधीचेच असते, म्हणजे मूत्रपिंड निकामी असतानाच्या काळात चेतातंतूंना झालेली इजा, मधुमेह, किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. शब्द न सुचण्यामागे महिनोन्‌महिने तुटलेली झोप आणि न ओळखलेले नैराश्य हीच कारणे मला सर्वाधिक आढळतात. ही यादी मोठी वाटली तरी यातील बहुतेक गोष्टी साध्या रक्ततपासणीत आणि अर्ध्या तासाच्या नीट विचारपुशीत उलगडतात.

आता त्या ठीक आलेल्या पातळीकडे वळू. टॅक्रोलिमसची जी पातळी नेहमी मोजतात ती आधीच्या डोसनंतर सुमारे बारा तासांनी, पुढचा डोस घेण्यापूर्वीची असते, म्हणजे दिवसातील सर्वांत खालची. पुष्कळ ठिकाणी मूत्रपिंडासाठी पहिल्या काही महिन्यांत ती प्रति मिलिलिटर ८ ते १२ नॅनोग्रॅम आणि पुढे ५ ते ८ च्या आसपास ठेवतात, पण जोखीम पाहून हे लक्ष्य बदलते. या आकड्याबद्दल तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक, आकडा मर्यादेत असूनही मज्जासंस्थेचे त्रास होऊ शकतात, त्यामुळे ‘पातळी योग्य आहे, म्हणजे थरथर औषधाची नाही’ असे म्हणता येत नाही. दोन, रक्त देण्यापूर्वीच सकाळची कॅप्सूल घेतली गेली असेल तर आकडा खोटा चढा दिसतो. तीन, आणि तुमच्या बाबतीत हेच सर्वांत महत्त्वाचे, हा आकडा फक्त मागच्या दोन-तीन दिवसांची हकीकत सांगतो, कारण नियमित डोस सुरू झाले की पातळी स्थिरावायला साधारण तेवढाच काळ लागतो. तपासणीची तारीख जवळ आली की माणूस आपोआप शिस्तीत येतो. यात लबाडी असतेच असे नाही, त्या दिवसांत औषधाची आठवण अधिक राहते इतकेच. परिणामी दीड महिना अर्धवट गेलेला असला तरी त्या सकाळचा आकडा निर्दोष येऊ शकतो.

याच्या उलट प्रसंगही कल्पून पाहा. समजा, तपासणीच्या आदल्या संध्याकाळची कॅप्सूल टळली आणि पातळी कमी आली. डॉक्टरांना वाटते की या रुग्णाच्या यकृतात औषध वेगाने मोडते आहे, कारण तशी माणसे खरोखरच असतात आणि ते जनुकांवरही अवलंबून असते. ते डोस वाढवतात. घरी आल्यावर तुम्ही लक्ष घालता, पतीही घाबरून सगळे डोस वेळेवर घेऊ लागतात, आणि आठवड्याभरात थरथर दुप्पट होते, डोके दुखू लागते, मग पुन्हा गोळी टाळली जाते. हे चक्र मी अनेक घरांत फिरताना पाहिले आहे. त्यात कोणीही निष्काळजी नसते. प्रत्येक जण आपल्यासमोरच्या माहितीवर योग्य तेच करत असतो, मात्र माहितीचा एक तुकडा कोणीतरी खिशात ठेवलेला असतो. पातळीतील असे चढउतार मूत्रपिंडालाही मानवत नाहीत. सरासरी योग्य असूनही ज्यांची पातळी वारंवार खालीवर होते त्यांच्यात अवयवाचे आयुष्य कमी असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

क्रिएटिनिन ठीक आहे, याचाही अर्थ मर्यादित आहे. रोगप्रतिकारक यंत्रणेवरचा दाब अधूनमधून सैल पडला की शरीर दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते. ही प्रतिपिंडे लहान रक्तवाहिन्यांना हळूहळू इजा करत राहतात आणि त्या काळात ना दुखते, ना लघवी कमी होते, ना क्रिएटिनिन हलते. ते वाढते तोपर्यंत बरीच इजा होऊन गेलेली असते आणि या प्रकारच्या रिजेक्शनवरचे उपचार आजही फारसे समाधानकारक नाहीत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात औषधे अनियमित घेणाऱ्या मूत्रपिंड रुग्णांत अवयव निकामी होण्याची शक्यता नियमित घेणाऱ्यांच्या सुमारे सात पट आढळली, आणि निकामी झालेल्या अवयवांपैकी साधारण ३६ टक्क्यांच्या मागे आधीची अनियमितता होती. तुमचे पती यात एकटे नाहीत, हेही मुद्दाम सांगते. २००७ सालच्या दुसऱ्या एका विश्लेषणात दरवर्षी दर शंभर मूत्रपिंड रुग्णांमागे अशा अनियमिततेची ३६ प्रकरणे आढळली होती, आणि इतर अवयवांच्या रुग्णांत हे प्रमाण बरेच कमी होते. त्यामागे एक कारण कदाचित असे असावे की मूत्रपिंड गेले तर डायलिसिस आहे ही जाणीव मनात कुठेतरी असते. यकृत किंवा हृदय बदललेल्या माणसाला तसा आधार नसतो. हा माझा अंदाज आहे, पण रुग्णांच्या बोलण्यातून तो मला पुन्हा पुन्हा ऐकू येतो.

म्हणजे आतापर्यंतचा हिशेब असा: थरथर बहुधा औषधाची आहे पण खात्री करून घेतली पाहिजे, पातळीचा आकडा त्या दीड महिन्याबद्दल काही सांगत नाही, आणि क्रिएटिनिन ही उशिरा मिळणारी सूचना आहे. त्यामुळे असेच चालू ठेवावे का, याचे माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. परंतु पूर्वीचा डोस निमूट गिळत थरथर सोसावी, असेही माझे म्हणणे नाही, आणि नेमके हेच बहुतेक रुग्णांना कोणी सांगत नाही.

खरी हकीकत कळल्यावर डॉक्टरांच्या हातात बरेच मार्ग असतात. मॅग्नेशियम भरून काढणे, साखर आणि रक्तदाब आटोक्यात आणणे, स्टेरॉइड सकाळीच घ्यायला लावणे या गोष्टी लगेच होतात. नियमित डोसवर खरी पातळी काय येते हे पाहून, शक्य असेल तर लक्ष्य थोडे खाली आणून डोस अधिकृतपणे कमी करता येतो, आणि सातव्या महिन्यानंतर तसा वाव पुष्कळदा असतो. गुपचूप टाळण्यात आणि यात फरक असा की इथे पातळी एकसारखी राहते आणि प्रतिपिंडांवरही लक्ष ठेवले जाते. दिवसातून एकदाच घ्यायच्या, औषध सावकाश सोडणाऱ्या गोळ्या मिळतात. त्यांतील काहींमध्ये शिखर कमी उंचीचे असते आणि अशा गोळीवर आणल्यानंतर काही रुग्णांची थरथर लक्षणीय उतरलेली दिसते. संध्याकाळचा डोस सकाळच्या डोसपेक्षा जास्त वेळा चुकतो हे सर्वज्ञात आहे, त्यामुळे संध्याकाळ मुळातच वगळली जाणे हा यातला दुसरा फायदा. मात्र एकदा घ्यायच्या आणि दोनदा घ्यायच्या गोळ्या मिलिग्रॅम सारखे असले तरी एकमेकींच्या जागी चालत नाहीत. नाव सारखे दिसते म्हणून औषधांच्या दुकानात अदलाबदल झाली आणि रुग्ण गंभीर झाला, असे प्रकार नोंदले गेले आहेत. याच कारणाने कंपनी बदलायची झाली तरी डॉक्टरांना सांगून, पातळी पुन्हा मोजूनच बदलावी.

थरथरीवर प्रोप्रानोलोलसारखे औषध कमी मात्रेत उपयोगी पडते, पण दमा असेल तर ते चालत नाही. त्याहून पुढे जाऊन टॅक्रोलिमसच बदलायचे ठरले तर सायक्लोस्पोरिन, एव्हरोलिमस किंवा सिरोलिमस हे पर्याय आहेत, आणि प्रत्येकाची स्वतःची किंमत शरीराला मोजावी लागते: शेवटच्या दोन औषधांत तोंडात व्रण, मूत्रावाटे प्रथिने जाणे आणि जखम उशिरा भरणे हे त्रास आहेत. बेलाटासेप्ट हे २०११ साली मूत्रपिंडासाठी मान्यता मिळालेले औषध सुरुवातीच्या टप्प्यानंतर चार आठवड्यांतून एकदा शिरेतून दिले जाते. ते चेतापेशींना त्रास देत नाही, आणि गोळी राहिली का हा प्रश्नही त्या औषधापुरता मिटतो. परंतु एप्स्टाइन-बार विषाणूचा संसर्ग पूर्वी झालेला नसेल तर ते देत नाहीत, सुरुवातीच्या काळात रिजेक्शनचे प्रमाणही त्यात जास्त दिसले आहे, आणि ते सगळीकडे उपलब्ध नसते. यांतले काय निवडायचे हे प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांचे काम आहे. माझ्यासारख्या डॉक्टरने फक्त इतके सांगायचे असते की त्रास किती आहे आणि तो कशामुळे आहे.

काही लक्षणे मात्र फोन करून वेळ ठरवण्याची वाट पाहण्यासारखी नसतात. फिट येणे, अचानक गोंधळल्यासारखे वागणे, डोळ्यांपुढे धूसर दिसणे किंवा दिसेनासे होणे, एका बाजूची शक्ती जाणे, बोलणे एकाएकी अडखळणे, आणि पूर्वी कधी नव्हती अशी, दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. यामागे मुख्यतः दोन भीती असतात. पहिली, मेंदूच्या मागच्या भागात सूज येण्याचा ‘प्रेस’ नावाचा विकार, ज्याचे सविस्तर वर्णन १९९६ साली झाले. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांत, बहुधा रक्तदाब चढलेला असताना आणि क्वचित तो ठीक असतानाही, हा विकार होतो. एमआरआयमध्ये तो ओळखता येतो, आणि वेळेवर रक्तदाब उतरवून औषध कमी केले किंवा बदलले तर बहुतेक रुग्ण पूर्ववत होतात. फिट थांबवण्यासाठी अशा रुग्णांना आम्ही सहसा लेव्हेटिरासिटाम देतो, कारण फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिन टॅक्रोलिमसची पातळी पार खाली आणतात. अपरिचित रुग्णालयात तातडीने जावे लागले तर प्रत्यारोपण झाले असल्याचे पहिल्या वाक्यात सांगावे, ते यासाठीही.

दुसरी भीती संसर्गाची. क्रिप्टोकॉकस ही बुरशी, लिस्टेरिया, नोकार्डिया, अॅस्परजिलस, क्षयरोग हे सगळे दबलेल्या प्रतिकारशक्तीचा फायदा घेऊन मेंदूत शिरू शकतात, आणि ज्या प्रतिकारशक्तीमुळे ताप येतो, मान आखडते, तीच दबलेली असल्याने ही लक्षणे नसतात किंवा अगदी सौम्य असतात. तीन आठवडे साधी डोकेदुखी म्हणून घरी काढलेला रुग्ण क्रिप्टोकॉकसचा निघणे हे आमच्या कामात अनोळखी नाही. त्यामुळे प्रत्यारोपित रुग्णाची नवी डोकेदुखी टिकून राहिली तर स्कॅन आणि पाठीतून पाणी काढण्याची तपासणी करायला मी इतर रुग्णांपेक्षा फार लवकर सांगते. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत यातले काही दिसत नाही, तरीही ‘गोळ्यांचाच त्रास’ म्हणून दोन्ही भीती झाकल्या जातात, म्हणून एवढे लिहिले.

इतर औषधांबद्दल थोडक्यात. फ्लुकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम, व्हेरापामिल ही औषधे आणि ग्रेपफ्रूटचा रस टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन ती फार कमी करते. मोठे जुलाब झाले तर ती वाढू शकते. थरथर एकाएकी वाढली तर मी पहिला प्रश्न हाच विचारते की मागच्या दोन आठवड्यांत कोणत्याही डॉक्टरने कोणतेही नवे औषध दिले होते का.

आता घरातल्या गोष्टीकडे येते, कारण ती तुमच्या हातात आहे. गोळ्या राहण्याचे दोन प्रकार असतात, विसरून राहणे आणि ठरवून टाळणे, आणि त्यांवरचे उपाय वेगळे असतात. विसरणाऱ्याला गजर, खण असलेली डबी, तारखांवर खूण करायचा कागद यांनी मदत होते. ठरवून टाळणाऱ्याला गजर लावून दिला तर तो फक्त गजर बंद करायला शिकतो. तुमच्या पतींचे सध्या तरी ठरवून टाळणे आहे, आणि त्यामागचे कारण योग्य आहे: त्यांना त्रास होतो आणि गोळी टाळल्यावर तो कमी होतो. हे कारण तुम्ही प्रथम मान्य करा. ‘इतके करून मिळालेले मूत्रपिंड घालवणार का’ हा प्रश्न कितीही रास्त असला तरी त्याने माणूस गोळी घेत नाही, घेतल्याचे सांगू लागतो. मूत्रपिंड दुसऱ्याने दिलेले आहे याचे ओझे त्यांच्या मनावर आधीच असते. तुम्ही रोज गोळ्या मोजायला बसलात तर जी हकीकत आज निदान तुम्हाला तरी कळते आहे तीही कळेनाशी होईल.

मी स्वतः रुग्णाला ‘औषधे नियमित घेता ना?’ असे कधीच विचारत नाही, कारण त्या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते. मी विचारते, ‘एवढ्या गोळ्यांत काही राहतातच; गेल्या चार आठवड्यांत संध्याकाळच्या साधारण किती राहिल्या, आणि सलग दोन राहिल्या असे कधी झाले का?’ तुम्हीही घरी याच सुरात बोलून पाहा. भेटीच्या वेळी काय सांगायचे हे आधी कागदावर लिहून नेले तर पतींना अवघड जाणार नाही, एवढे पुरे: ‘अमुक तारखेपासून आठवड्यातून इतक्या वेळा संध्याकाळचा डोस घेतला नाही, कारण हात थरथरतात, तपासणीपूर्वीचे दिवस मात्र नियमित घेतला होता.’ हे शेवटचे अर्धे वाक्य डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडेल, कारण त्यावरून मागची पातळी कशी वाचायची ते त्यांना कळेल. कदाचित ते दात्याविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी सांगतील, कदाचित लघवीतील प्रथिने पाहतील. या तपासण्यांना शिक्षा समजू नये.

काही बारीक गोष्टी, ज्या कोणी सांगत नाही. थरथरणाऱ्या हातांनी फॉइलमधून कॅप्सूल काढणे खरोखरच कठीण असते, आणि एखादी खाली पडून हरवली की माणूस ‘राहू दे’ म्हणतो. तिथे तुमचा हात लागला तर तो पहारा वाटत नाही. टॅक्रोलिमसला दमट हवा सोसत नाही, म्हणून आठवडाभराच्या कॅप्सूल सोलून डबीत भरू नयेत, फॉइलचा तुकडा कापून तसाच खणात ठेवावा. जेवणाशी असलेले औषधाचे अंतर रोज सारखे ठेवावे, कधी उपाशीपोटी आणि कधी भरल्या पोटी असे करू नये. डोस चुकल्याचे उशिरा लक्षात आले तर किती तासांपर्यंत घ्यायचा आणि केव्हा सोडून द्यायचा, गोळी घेतल्यावर उलटी झाली तर काय करायचे, याचे नियम केंद्रागणिक थोडे वेगळे असतात. ते लेखी मागून घ्यावेत आणि औषधांजवळच चिकटवावेत. पुढचा डोस दुप्पट करू नये, हे मात्र सगळीकडे सारखेच. आणि ‘मघाशी घेतली की नाही’ हे आठवत नसेल तर स्मरणशक्तीला दोष देण्यापेक्षा घेतल्यावर लगेच खूण करण्याची सवय लावावी. झोप न झालेल्या मेंदूकडून अशा आठवणीची अपेक्षा मी तरी ठेवत नाही.

उरला प्रश्न कायमच्या परिणामाचा. टॅक्रोलिमसची थरथर, निद्रानाश आणि डोकेदुखी बहुतांश रुग्णांत डोसच्या मागोमाग चालतात: सुरुवातीच्या महिन्यांत पातळी चढी ठेवलेली असते तेव्हा जास्त, आणि पुढे लक्ष्य खाली आले की कमी. काहींची थरथर पूर्ण जात नाही, पण रोजच्या कामात आड येणार नाही इतकी उतरते. गोळी टाळल्यावर तुमच्या पतींना बरे वाटते, ही गोष्टच सांगते की त्यांच्या बाबतीत ती परत फिरणारी असावी. फक्त दीड महिन्याच्या त्या अनुभवाचा उपयोग त्यांच्या डॉक्टरांना करू दिला पाहिजे. मुंग्यांबद्दल मी इतके ठामपणे बोलणार नाही, कारण चेतातंतू सावकाश भरून येतात आणि त्यांचे कारणही वेगळे असू शकते. बी-१२, साखर आणि गरज वाटल्यास चेतातंतूंच्या वहनाची तपासणी केल्यावर त्याविषयी नेमके सांगता येईल. शब्द न सुचण्याची तक्रार झोप सुधारल्यावर दोन-तीन महिन्यांनीही तशीच राहिली, तर स्मरणशक्तीची रीतसर चाचणी करून घ्यावी, आणि त्या वेळी थरथरीची ती वही सोबत न्यावी.